काठाचं टेबल

घड्याळदुरुस्तीला सगळ्यात आधी काय लागतं असं विचारलं, तर लोक भिंग म्हणतात, चिमटा म्हणतात, कुणी फारच शहाणा असला तर संयम म्हणतो. ही तिन्ही माझ्याकडे होती. नव्हतं ते टेबल. टेबल नसलं की माणूस गादीवर पालथा पडून घड्याळ उघडतो, त्यातला मोहरीएवढा स्क्रू उडतो, आणि तो कुठं गेला ते दुसऱ्या दिवशी जेवताना कळतं. माझा स्क्रू भाकरीत निघाला. तो माझ्याच दाताखाली आला हे नशीब म्हणायचं, कारण त्या दिवशी आमचे साहेब शेजारच्या पाटावर जेवत होते. मी स्क्रू गिळला आणि भाकरी छान झालीय असं म्हणालो.

मी तेव्हा घोडेगावला पाटबंधारे खात्यात कारकून होतो आणि खात्याच्याच चाळीत दोन खोल्यांत राहत होतो. साल चौऱ्याहत्तर. समोर आप्पासाहेबांचं घर. आप्पासाहेब महसुलात सर्कल होते, निवृत्त झाले, पण पाहणी करायची सवय काही गेली नाही. आमच्या घरात काय आलं, काय गेलं याची नोंद त्यांच्याकडे आमच्यापेक्षा पक्की असायची.

"टेबल छातीला लागलं पाहिजे, भाऊसाहेब," ते म्हणाले. "कोपरं टेकली पाहिजेत. उजेड डावीकडून. आणि कडेला काठ पाहिजे, काठ. नगरला एका घड्याळजीकडं बघितलंय मी. स्क्रू सुटला तरी टेबलाबाहेर जाता कामा नये."

सुतारानं नव्या सागवानाचा जो आकडा सांगितला तो ऐकून मी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. टेबल मिळेपर्यंत निदान दिवा टांगायची सोय करावी म्हणून मी खिडकीजवळ एक खिळा ठोकायची परवानगी मागणारा अर्ज कचेरीत दिला. सरकारी चाळीत विनापरवाना खिळा ठोकता येत नाही. आठ दिवसांनी उत्तर आलं: खिळ्याची लांबी, प्रयोजन आणि तो भिंतीत किती काळ राहणार याचा खुलासा करावा. पत्राचा मसुदा माझाच होता, कारण चाळीचा पत्रव्यवहार माझ्याकडेच होता. तरीही ते पत्र हातात पडल्यावर मला राग आला.

अशात जवळच्या एका सरकारी दवाखान्यात निकामी सामानाचा लिलाव निघाला. दवाखान्याचं नाव सांगत नाही, तिथले लोक अजून भेटले की ओळख देतात. यादीत फुटक्या बालद्या, एक लंगडी खाट, गंजलेलं स्ट्रेचर आणि शेवटी 'टेबल, सागवानी, काठाचे, वर जस्ती पत्रा, एक नग'. टेबल मागच्या अंगणात एका वेगळ्या खोलीच्या दारात उभं होतं. सहा फुटांहून लांब, छातीला लागेल इतकं उंच, चहूबाजूंनी चार बोटं काठ. जस्ताचा पत्रा घासून घासून लखलखीत झालेला. एका टोकाकडे अगदी हलका उतार आणि त्या टोकाला रुपयाएवढं भोक. मी उताराचा विचार केला. सुटलेला स्क्रू आपण शोधत बसायला नको, आपोआप खाली येईल, भोकाखाली वाटी ठेवली की झालं. हे टेबल ज्यानं केलं त्याला घड्याळाच्या कामाची चांगली जाण असली पाहिजे असं मला वाटलं.

लंगड्या खाटेवर चौघांनी बोली लावली. फुटक्या बालद्यांवरून दोघांची बाचाबाची झाली. टेबलावर मी एकटाच बोललो. तिथल्या कारकुनानं पावती फाडताना माझ्याकडे जरा वेळ पाहिलं.

"कशाला नेताय?"

"घड्याळं उघडायला."

"उघडा," तो म्हणाला. "सवय आहे त्याला."

तो दिवस शुक्रवार, म्हणजे आमच्याकडे जनावरांचा बाजार. भाड्यानं केलेल्या गाडीचे बैल टेबल चढवल्यावर जागचे हलेनात. गाडीवान खाली उतरला, बैलांच्या कानाशी काहीतरी बोलला आणि सगळा रस्ता त्यांच्या पुढे चालत आला. गाडीत माझ्याजवळ बसायला तयार होईना. बाजाराहून परतणारी माणसं आमची गाडी दिसली की आपापली जनावरं कडेला घेत. एकदोघांनी टोपी काढली. एका म्हातारीनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हात जोडले. सरकारी माणसाला या भागात इतका मान आहे हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. मीही ठिकठिकाणी हात जोडले.

टेबल खिडकीशी लागलं आणि आमची बाहेरची खोली भरून गेली. चैत्र तापला होता. भिंतीला हात लावला तर चटका बसे, आणि त्या पत्र्यावर कोपर टेकलं की गारठा खांद्यापर्यंत चढे. ही, म्हणजे आमची गीता, हिला ते पहिल्या दिवशी आवडलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं त्यावर पाण्याचा माठ ठेवून पाहिला. पाणी इतकं गार झालं की आप्पासाहेब दिवसातून दोनदा प्यायला येऊ लागले. चौथ्या दिवशी चाळीतल्या पाच बायका जमल्या आणि त्यांनी त्या टेबलावर उडदाचे पापड लाटले. एवढं लांब, एवढं गार, वर काठ असलेलं टेबल त्यांना जन्मात मिळालं नव्हतं. मला एकच नवल वाटलं. एरवी ज्यांचा आवाज बाजारापर्यंत जातो त्या पाचही जणी त्या दुपारी हळू बोलत होत्या. मधेच एकीनं विचारलंसुद्धा, "आपण कुजबुजतोय का गं?"

पापड उठले आणि मी कामाला बसलो. माझं स्वतःचं घड्याळ मी आधीच इतक्या वेळा उघडलं होतं की ते आता घड्याळ राहिलं नव्हतं. म्हणून आप्पासाहेबांनी आपल्या थोरल्या भावाचं घड्याळ सरावाला दिलं. भाऊ वारून सहा वर्षं झाली होती आणि घड्याळ त्याच्याही आधीपासून बंद होतं. मी ते टेबलावर ठेवलं, भिंग आणायला आत गेलो आणि परत आलो तो घड्याळ चालू.

मी ते उघडलंही नव्हतं. पण आप्पासाहेब दारात उभे होते आणि त्यांचा चेहरा असा झाला होता, की मी म्हणालो, "थोडंसंच काम होतं." आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे कारागीर म्हणून पाहत होतं. आप्पासाहेबांनी घड्याळ हातात घेतलं, मनगटावर चढवलं आणि उंबरा ओलांडायच्या आतच ते बंद पडलं. ते परत आले. टेबलावर ठेवलं, चालू. उचललं, बंद. असं त्यांनी नऊ वेळा केलं. पाहणी करणारा माणूस.

"म्हणजे तुम्ही काहीच केलेलं नाही," ते शेवटी म्हणाले.

मला ते लागलं. ते गेल्यावर मी घड्याळाचं मागचं झाकण काढलं आणि डोळ्याला भिंग लावलं. आतली मेन स्प्रिंग, जिच्या जोरावर घड्याळ चालतं, ती तुटून दोन तुकडे झालेली होती. मला घड्याळातलं फार कळत नाही, पण एवढं कळतं. ते चालायला काही कारणच नव्हतं. आणि भिंगाखाली त्याचं चाक डावीकडे उजवीकडे डुलत होतं, अगदी आरामात. मी झाकण लावलं आणि स्वयंपाकघरात जाऊन हिच्याशेजारी विनाकारण लसूण सोलत बसलो.

तिसऱ्या दिवशी गहिनीनाथ आला. हा त्या दवाखान्यात शिपाई होता, आता गावातच असतो. कुणाकडून तरी ऐकून तो टेबल बघायला आला होता. आत आला, चप्पल काढली, पत्र्यावरून हात फिरवला. डोळे भरून आले त्याचे.

"आपलंच हाय," तो म्हणाला. "ह्येच्यावर म्या सतरा वर्सं काम केलंय, भाऊसाहेब."

"कसलं काम?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मला खरंच माहीत नाही हे त्याच्या ध्यानात आलं, आणि तो मला समजावून सांगायला लागला. "डोकं ह्या अंगाला. पाय त्या अंगाला. भोकाखाली बालदी. डाक्टर हितं उभा ऱ्हायचा, म्या हितं. हिरीत पडल्यालं, गाडीखाली आल्यालं, औशीद प्यायल्यालं, समदी ह्येच्यावरच यायची."

स्वयंपाकघरातून भांडं पडल्याचा आवाज आला. गहिनीनाथ तंद्रीत होता.

"हातात घड्याळ असलं तर म्याच काढायचो. काढून ह्या काठाशी ठिवायचो. आन् लई घड्याळं चालूच असायची वो. मानूस गार पडल्यालं आन् घड्याळ आपलं टिकटिक करतंय. बघवायचं न्हाई. मंग म्या चावी वढून बंद करायचो." त्यानं पुन्हा पत्र्यावरून हात फिरवला. "किती बंद केली त्येचा हिसाब न्हाई."

मग तो चहा पिऊन गेला. ही मागच्या दारानं बाहेर पडली आणि पापडांचा डबा परसात पुरून आली. पण पापड सगळ्या घरी वाटून झाले होते आणि एक डबा साहेबांकडेही गेला होता. साहेब पुढच्या आठवड्यात पापड फार कुरकुरीत होते असं म्हणाले. मी मान हलवली. ही मात्र त्या दिवसापासून बाहेरच्या खोलीत पाऊल टाकेना. पुढचं दार सोडून मागच्या दारानं ये-जा करू लागली, आणि मला काही सांगायचं असलं तर मध्ये चौकट ठेवून सांगू लागली.

गाव अशा गोष्टींची शहानिशा आमच्या खात्यापेक्षा लवकर करतं. आठवड्याभरात लोक घड्याळं घेऊन यायला लागले आणि नियम ठरून गेला. मालक गेलेला असेल तर घड्याळ त्या टेबलावर चालतं. मालक जिवंत असेल तर चालत नाही. हेडमास्तरांनी आपलं बंद घड्याळ ठेवून पाहिलं, ते ढिम्म राहिलं आणि हेडमास्तर पेढे वाटायचे तेवढे राहिले. एकानं वारलेल्या चुलत्याचं म्हणून आणलेलं घड्याळ चालेना. चौकशीअंती ते चोरीचं निघालं, मूळ मालक सोनईला धडधाकट होता. तेव्हापासून आमच्या ठाण्याचे जमादार माझ्याकडे वेगळ्याच आदरानं पाहू लागले.

रविवारी तर रांग लागे. माणसं आत येत, बापाचं, भावाचं घड्याळ त्या पत्र्यावर ठेवत आणि गप्प बसून ऐकत. कुणी काही मागत नसे. पाच मिनिटं ऐकत आणि घड्याळ रुमालात बांधून निघून जात. जाताना टेबलाला हळदकुंकू. मला कुणी विचारत नव्हतं. "भाऊसाहेब, जरा सरका," एवढंच. घरात भिंग आहे, चिमटा आहे, बारके पेचकस आहेत, आणि मी दारात उभा राहून चपला नीट लावतोय. एका बाईनं तर मला टेबलाचा पुजारी समजून नारळ दिला. मी तो घेतला, कारण नाही म्हणायला मला काही पदच नव्हतं.

कारणे दाखवा नोटीस यायची ती आलीच. शासकीय निवासस्थानात विनापरवाना देवस्थान उभारल्याबद्दल खुलासा करावा. यावेळी मसुदा करायला त्यांनी माझ्याऐवजी दुसरा कारकून बसवला, याचं मला जास्त वाईट वाटलं. त्याच टपालात दवाखान्याचं पत्र होतं. निकामी ठरवायचं ते बाहेरच्या खोलीतलं जुनं टेबल होतं, यादीत चूक होऊन हे गेलं, दवाखान्याचं काम अडलं आहे, तरी शनिवारी गाडी पाठवतो, टेबल परत करावे. मी ते पत्र तीन वेळा वाचलं. इतका आनंद मला बढतीच्या पत्रानंही झाला नव्हता. चौकटीपलीकडून हिनं विचारलं, "खरंच नेणार?" आणि पदर तोंडाला लावला.

हे मंगळवारी सकाळी. दुपारी गोजरबाई आल्या.

गोजरबाई गावाच्या खालच्या अंगाला राहतात. रानात राबणारी, काटक बाई. रविवारच्या गर्दीत त्या कधी आल्या नव्हत्या. त्यांनी कमरेची पिशवी सोडली, लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेलं घड्याळ काढलं, पण टेबलावर ठेवलं नाही. मुठीतच धरलं.

"माझ्या जालिंदरचं हाय," त्या म्हणाल्या.

जालिंदर हा त्यांचा एकुलता मुलगा. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेला. जाताना घड्याळ घरीच ठेवून गेला, कारण हातात घड्याळ दिसलं की मुकादम म्हणतो, तुला कशाला काम पाहिजे. त्या कामावरून तो पुढे कुठं गेला ते कुणाला कळलं नाही. कुणी सुरतेला दिसला म्हणतो, कुणी साखर कारखान्यावर. दीड वर्षात कागदाचा कपटा नाही. मागे आई, बायको मनकर्णा आणि सहा एकर जमीन. चुलतभाऊ उत्तमरावांचं म्हणणं, किती दिवस वाट बघायची, दर्भाचा पुतळा करून अग्नी द्यावा, दिवस घालावेत, मनकर्णेचं कुंकू उतरवावं आणि सातबारावरची नावं मार्गी लावावीत.

"वरीसभर म्या दाद दिली न्हाई," गोजरबाई म्हणाल्या. "आता उत्तम म्हनतो, भाऊसाहेबांच्या टेबलावर ठिवा, काय ती शेंडी तुटो का पारंबी. पाच मानसांत बोलला. मला न्हाई म्हनता येईना. न्हाई म्हनलं तर समदी म्हनत्याल, म्हातारीला ठावं हाय."

"मावशी, तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचं." त्यांनी मूठ उघडली, घड्याळ जरा हलवलं आणि कानाला लावलं. "रोज सकाळी असं करती. हालवलं की धा-बारा ठोकं पडत्यात, मंग बंद. तेवढ्यावर दिस निघतो."

टेबल शनिवारी जाणार हे मी त्यांना सांगितलं. मला वाटलं, त्या म्हणतील, बरं झालं, आता नकोच. पण ती बातमी उत्तमरावांना आधीच कळली होती. शुक्रवारी बाजाराच्या दिवशी दुपारी ठेवायचं, असं त्यांनी परस्पर ठरवूनही टाकलं होतं.

मी म्हणालो, "मावशी, घड्याळ माझ्याकडे ठेवून जा. आत मळ असेल. साफ करून ठेवतो. उगाच मळापायी काही चुकीचं व्हायला नको."

त्यांनी ते माझ्या हातात दिलं. त्या माणसाच्या घड्याळाला अजून आईच्या मुठीची ऊब होती. मी ते घेऊन टेबलाच्या बाजूनं गेलो नाही. भिंतीला पाठ लावून आडवा आडवा सरकत स्वयंपाकघरात गेलो.

हिनं सगळं ऐकलं होतं. तिनं पोळपाट पुसून माझ्यासमोर ठेवला. "काढा त्यातलं काय काढायचं ते," म्हणाली.

घड्याळात बॅलन्स म्हणून एक चाक असतं, डावं-उजवं डुलणारं. टिकटिक त्याच्या डुलण्यानंच होते. ते काढलं की घड्याळ मुकं. मी आजवर जे काही उघडलं ते माझ्या हातानं बिघडलं, आणि तेही चुकून. जाणूनबुजून बिघडवायची ही पहिलीच वेळ. दोन स्क्रू सुटले, दोन्ही पोळपाटावरच राहिले. बॅलन्स मी चिमट्यानं उचलला आणि एका रिकाम्या काड्यापेटीत कापसावर ठेवला. झाकण लावलं. एवढं स्वच्छ काम मी त्याआधी केलं नव्हतं, नंतरही केलं नाही. आणि त्या बाईचे रोजचे दहा-बारा ठोकेही आपण काढून घेतले, हे मला त्या वेळी सुचलंच नाही.

काड्यापेटी मी सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवली. तीन दिवस ती तिथंच होती. कचेरीत, जेवताना, झोपतानासुद्धा सदरा उशाशी. ती घरात कुठं ठेवावी असं मला वाटेना.

शुक्रवारी दुपारी खोली भरली. गोजरबाई पुढे, त्यांच्यामागे मनकर्णा, कपाळावर ठसठशीत कुंकू, नजर खाली. उत्तमराव धोतराचा सोगा धरून टेबलाच्या पायथ्याशी उभे. आप्पासाहेब पंच. दूर बाजारात बैलांच्या घुंगरांचा आवाज चालला होता. पाच मिनिटं ठेवायचं असं ठरलं. मग प्रश्न आला, पाच मिनिटं मोजायची कशावर? त्या खोलीत जिवंत माणसाचं एकही घड्याळ धड नव्हतं. शेवटी आप्पासाहेबांनी भावाचं घड्याळ टेबलावर ठेवून चालू केलं, वेळ लावली. पण त्याचीच टिकटिक इतकी ऐकू येऊ लागली की मनकर्णा पांढरीफटक पडली. मग ते उचलून खिशात घातलं, आणि आप्पासाहेबांनी अंदाजानं तीनशेपर्यंत मोजायचं कबूल केलं.

"भाऊसाहेब, तुम्ही ठेवा," उत्तमराव म्हणाले. "तुमचा हात तटस्थ."

मी खिशातून भिंग काढलं. भिंगाबरोबर चिमटा आला, बाकीचंही आलं, ते मी सवयीनं टेबलावर ठेवलं. डोळ्याला भिंग लावून उगाच घड्याळ तपासल्यासारखं केलं आणि पत्र्याच्या मधोमध उताणं ठेवलं.

आप्पासाहेब मोजायला लागले. साठ. शंभर. घड्याळ मुकं. गोजरबाई त्याच्याकडे पाहत नव्हत्या, खिडकीबाहेर पाहत होत्या. दीडशे. कुणाचा श्वास लागलेला ऐकू येत होता.

"मला आवाज येतोय," उत्तमराव म्हणाले.

आप्पासाहेबांचा आकडा चुकला.

"बारीक. पर येतोय. तुमाला कुनालाच येत न्हाई?"

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. सहा एकर जमिनीचा आवाज येतोय, असं कुणीतरी मागून पुटपुटलं. गोजरबाईंनी घड्याळ उचललं आणि उत्तमरावांच्या हातात दिलं. "घे. लाव कानाला. जोरात दाबून लाव."

उत्तमरावांनी लावलं. हा कान, तो कान. घड्याळात काही नव्हतं, हे त्यांच्या तोंडावरून सगळ्यांना कळलं. त्यांनी ते खाली ठेवलं आणि पुन्हा मान तिरकी करून पत्र्याकडे बघत राहिले. कुणी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. आप्पासाहेबांनी तीनशे म्हटलं आणि खोलीतली सगळी माणसं एकदम बोलू लागली.

मनकर्णा भिंतीला टेकून खाली बसली आणि रडायला लागली. बायकांनी तिला उठवलं. गोजरबाईंनी घड्याळ चिंधीत गुंडाळायला घेतलं आणि गुंडाळता गुंडाळता रोजच्या सवयीनं हलवून कानाला लावलं.

एकही ठोका पडला नाही. त्यांनी पुन्हा हलवलं. मग माझ्याकडे पाहिलं. माझी मान खाली गेली. एवढ्या गर्दीत त्या काही बोलल्या असत्या तर सगळं तिथंच संपलं असतं, आणि खरं तर त्यांना बोलायचा हक्क होता.

"जिता हाय माजा," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "चला."

माणसं हलली. माझ्याजवळून जाताना त्यांनी पदर सावरला आणि हळूच म्हणाल्या, "ते काढल्यालं नीट ठिवा, भाऊसाहेब. म्या मागितल्याबिगर देऊ नका."

खोली रिकामी झाली. मी टेबलाकडे वळलो, भिंग उचललं, चिमटा उचलला, आणि मग दिसली. घड्याळ जिथं ठेवलं होतं त्याच्यापासून चार बोटांवर, काड्यापेटी. मीच खिशातून काढून ठेवलेली. सगळा वेळ ती त्या पत्र्यावर होती. आणि उत्तमराव ज्या बाजूला उभे होते त्याच बाजूला.

एकटं चाक कधी वाजत नाही. घड्याळाबाहेर काढलेलं, कापसावर ठेवलेलं चाक वाजायला काही मार्गच नाही. हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी मी दोन्ही कानांत दोन्ही बोटं घातली, इतकी खोल की दुखायला लागलं, आणि डोळे मिटून हिला हाक मारली. "गीता, ती काड्यापेटी उचल."

पापडांचा डबा पुरल्या दिवसापासून ती त्या खोलीत आली नव्हती. ती आली. तिची पावलं मला ऐकू आली नाहीत, पण लुगड्याचा काठ माझ्या पायाला लागला. मी डोळे उघडले नाहीत. काड्यापेटी उचलायला जेवढा वेळ लागतो त्याहून बराच जास्त वेळ ती तिथं उभी होती. मग काठ पुन्हा पायाला लागला आणि ती गेली.

शनिवारी गाडी आली आणि टेबल गेलं. काड्यापेटी तिनं कुठं ठेवली आहे ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही. दुसऱ्या शुक्रवारी ही बाजारातून आली ती वाट वाकडी करून मनकर्णेकडे जाऊन आली. तिला कुंकवाची पुडी दिली, स्वतःच्या हातानं लावलं. ओळख काय ती त्या एका दुपारचीच. आता दर शुक्रवारी जाते. जाताना चेहऱ्यावर काय असतं ते मी बघत नाही.